तळाची चीर : ॲल्युमिनियम वेल्डिंग शिकतानाच्या नोंदी

४ जून २०२३, रविवार

चुलतभावाची होडी आज आमच्या मांगरासमोर (घराबाजूच्या शेडीसमोर) आली. साडेपाच मीटर लांब, पूर्ण ॲल्युमिनियमची, तीन वर्षांपूर्वी जुनी घेतलेली. तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात आमच्या ओळखीच्या सगळ्या होड्या फायबरच्या नाहीतर लाकडाच्या. अशी ही एकच. डायव्हिंगला येणाऱ्या लोकांना घेऊन ती हंगामात रोज दोन-तीन फेऱ्या मारते. एप्रिलमध्ये तळात पाणी साचायला लागलं, मेअखेर तासाला बादलीभर. "दादा, होडी गळता, पण खयसून ता कळणा नाय," असं तो महिनाभर सांगत होता.

त्यानं सगळीकडे विचारून पाहिलंय. फायबरचे कारागीर या पत्र्याला हात लावत नाहीत. दारं-खिडक्या करणारे ॲल्युमिनियम कापतात, रिव्हेट मारतात, वेल्ड करत नाहीत. शेवटी माझ्याकडे आला, कारण वाडीत वेल्डिंग म्हटलं की मी. अठरा वर्षं मी ग्रिलं, गेटं, शेडी करतोय. पण ॲल्युमिनियमला आजवर एकदाही आर्क (वेल्डिंगची विजेची ज्योत) लावलेली नाही, आणि ते मी त्याला पहिल्याच वाक्यात सांगितलं. पाऊसभर शिकतो, तुकडे मोडून बघतो, माझी खात्री पटली तरच होडीला हात लावीन. नाहीतर तू ती गोव्याला यार्डात ने. तो कबूल झाला.

या होडीत एका वेळी आठ माणसं बसतात. त्यातल्या कित्येकांना पोहता येत नाही. वहीच्या पहिल्या पानावर हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

९ जून

समुद्र खवळलाय. बिपरजॉय वादळ बाहेरून उत्तरेकडे सरकतंय, लाटा माडांच्या मुळांपर्यंत येताहेत. होडी ओढून मांगरात घेतली. मागचा भाग बाहेर राहिला, त्यावर ताडपत्री. दुसरं काही काम नाही.

११ जून

पेट्रोलची टाकी, नळ्या, बॅटरी आधी काढून अंगणाच्या पलीकडे ठेवली. मग पायाखालची चेकर प्लेट उघडली. स्टेनलेसचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये पांढऱ्या भुकटीनं असे धरून बसले होते की सात तुटले. प्लेटखाली पिवळा फोम, पाण्यानं फुगून दगडासारखा जड. तो सुरीनं कापून काढला. हा फोम ठेवून वेल्डिंग करायचं नाही एवढं मला माहीत होतं. पेटला तर धूर विषारी असतो.

फोमखाली दोन शिशाची वजनं सापडली. डायव्हर कमरेच्या पट्ट्याला लावतात ती. फटीतून खाली घसरून कधीची खाऱ्या पाण्यात पडली असतील. दोन्हींच्या खाली पत्र्याला मसुरीएवढे खड्डे, एक तर आरपार जायच्या बेतात. शिसं, खारं पाणी आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ॲल्युमिनियम. भावाला दोन्ही वजनं दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

गळती शोधायला आतून गोडं पाणी दोन इंच भरलं आणि मी टॉर्च घेऊन खाली शिरलो. पाच मिनिटांनी एक ओली रेघ उमटली. डायव्हरांच्या हवेच्या टाक्यांच्या स्टँडच्या बरोबर खाली, आतल्या लांबीच्या पट्टीचं टोक जिथं संपतं तिथं, वेल्डच्या कडेनं. मोजली तर १४० मिमी. तिच्यावर आधी कुणीतरी जाडजूड वेल्ड चढवून वर पुटी आणि रंग मारलेला होता. म्हणजे ही चीर दुसऱ्यांदा उघडली आहे.

१४ जून

वास्कोच्या मामांना फोन केला. त्यांनी गोव्यात यार्डात ॲल्युमिनियमच्या नौकांवर ३१ वर्षं वेल्डिंग केलंय. मी उत्साहानं सांगायला लागलो, मशीन कुठलं घेऊ, जोडात वितळवून भरायचे रॉड कुठले. त्यांनी मधेच थांबवून दोन प्रश्न विचारले. पत्रा कुठल्या जातीचा आहे? आणि चीर का पडली? मला दोन्हींची उत्तरं देता आली नाहीत.

मग त्यांनी समजावलं ते असं. समुद्रातल्या होडीचा पत्रा बहुतेक ५०८३ जातीचा असतो. त्यात साडेचार टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम. रेलिंगचे पाइप, चॅनेल ६००० च्या जातीचे, मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे. पाइपांना कारखान्यात उष्णता देऊन ताकद आणलेली असते, म्हणून वेल्डच्या शेजारी ते जवळजवळ अर्धी ताकद गमावतात. ५०८३ ची ताकद मॅग्नेशियमची, त्यामुळे तो वेल्डनंतरही बऱ्यापैकी टिकून राहतो. पण त्याला रॉड त्याच्याच कुळातला लागतो, ५१८३ किंवा ५३५६. बाजारात सहज मिळणारा ४०४३ सिलिकॉनचा असतो. तो मॅग्नेशियमशी मिळून ठिसूळ जोड करतो, आणि वरून मात्र सुंदर दिसतो.

"दिसूक बरा आसता. मोडून बघितल्याशिवाय सांगू नये," मामा म्हणाले.

१९ जून

मशीन आलं. २०० अँपचं टिग (आर्क टंगस्टनच्या टोकातून, रॉड वेगळा हातानं घालायचा), एसी-डीसी दोन्ही, पायाच्या पेडलसकट. लोखंडाला टिग डीसीवर चालतं, ॲल्युमिनियमला एसी लागतो. कारण ॲल्युमिनियमच्या अंगावर कायम ऑक्साइडची कातडी असते. धातू ६६० अंशाला वितळतो, कातडी मात्र दोन हजार अंशांच्याही वर. आतला धातू पाणी झाला तरी वर कातडी तशीच, पिशवीसारखी. एसीच्या एका अर्ध्या फेऱ्यात आर्क ही कातडी फोडते, दुसऱ्या अर्ध्यात धातू वितळवते. किती वेळ साफसफाई आणि किती वेळ वितळवणं हे बॅलन्सच्या खटक्यावर ठरवता येतं.

माझ्याकडचं सीओटू मशीन (मिग, म्हणजे तार आपोआप पुढं येणारं) का वापरत नाही, असं भावानं विचारलं. त्याला शुद्ध आर्गॉन (वेल्डला हवेपासून झाकणारा वायू), मऊ तारेसाठी वेगळे रोलर आणि टेफ्लॉनची नळी लागेल. शिवाय मिगची सुरुवात थंड पडते, पहिले दोन सेंटिमीटर नीट मुरत नाहीत. लांब शिवणीला ते चालतं. हातभर तुकडा बसवायचा तर सुरुवात-शेवटच जास्त, म्हणून टिग.

आर्गॉनचा सिलिंडर कुडाळहून आणला. सात घनमीटर. मिनिटाला आठ लिटर सोडला तर साडेचौदा तास आर्क चालेल.

२५ जून

पहिले दोन दिवस. हे जरा सविस्तर लिहितो, कारण इथं लोखंडाचा माझा सगळा हात उलटा पडला.

लोखंड तापलं की आधी लाल होतं, मग केशरी, मग वितळतं. डोळ्याला सूचना मिळत जाते. ॲल्युमिनियम रंगच बदलत नाही. ३ मिमीच्या पट्टीवर आर्क धरून बसलो. काही होईना, काही होईना, आणि एकदम पट्टीत बोट जाईल एवढं भोक. उष्णता पत्र्यात इतकी पटकन पसरते की सुरुवातीला खूप लागते, पण पत्रा एकदा तापला की तोच करंट जास्त होतो. पेडल सुरुवातीला खोल दाबायचं आणि पुढं सरकताना हळूहळू सोडत यायचं. हात एका वेगानं चालवायची माझी अठरा वर्षांची सवय इथं नडते. इथं टोकाकडे जाताना वेग वाढवावा लागतो.

शेवटी एक खूण सापडली. वेल्डिंगच्या मुखवट्याच्या आतून बघताना आधी जागा मळकट पांढरी दिसते, मग अचानक कातडी सरकते आणि पाऱ्यासारखा चकचकीत थेंब उघडा पडतो. तो उघडा पडेपर्यंत रॉड लावायचाच नाही. लावला तर रॉडचा गोळा वर बसतो, खाली मुरत नाही.

टंगस्टन किती वेळा थेंबात बुडालं याचा हिशेब ठेवला: शनिवारी २३ वेळा, आज ११. प्रत्येक वेळी थांबून, घासून, पुन्हा टोक करायचं. तसंच पुढं रेटलं तर आर्क भरकटते आणि वेल्डभर काळी पूड पडते.

संध्याकाळी पंखा सुरू होता हे लक्षातच आलं नाही. दोन तास गॅस वाऱ्यावर गेला. शेवटच्या सहा पट्ट्या भंगारात.

२६ जून

मानेखाली, सदऱ्याच्या वरच्या बटणाजवळ कातडी भाजलीय. पत्र्यावरून परतून आलेला उजेड मुखवट्याच्या खालून लागला. लोखंडावर असं कधी होत नव्हतं. आजपासून गळ्यापर्यंत बंद जाड सुती सदरा.

२ जुलै

मामा आले. कॅनव्हासच्या पिशवीत यार्डातले ४ मिमीचे उरलेले तुकडे, त्यावर ५०८३ चा छाप स्पष्ट. माझ्या पट्ट्या त्यांनी बघितल्याच नाहीत. आधी माझी जागा बघितली: ग्राइंडर, लोखंडाचा बुरा, तेलकट टेबल. म्हणाले, "हयसून ऊठ."

मांगराच्या दुसऱ्या टोकाला, जिथं पूर्वी गवत ठेवायचो, तिथं नवीन जागा केली. प्लायचं टेबल, त्यावर स्वच्छ ॲल्युमिनियमचा पत्रा. लोखंडाला लागलेली एकही डिस्क, एकही कानस इकडं येणार नाही. दोन नवे स्टेनलेसचे ब्रश. त्यांच्या मुठींना मामांनी लाल रंग लावला आणि मला बजावलं की हे गेटाच्या वेल्डवर एकदा जरी फिरवलेस तर टाकून द्यायचे. लोखंडाचा कण ॲल्युमिनियममध्ये रुतला की तिथं गंज धरतो.

मग क्रम. आधी ॲसिटोननं पुसायचं, स्वच्छ पांढऱ्या फडक्यानं, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. ब्रश त्याच्यानंतर. मी उलटं करत होतो: आधी ब्रश, मग पुसणं. त्यानं तेल पत्र्यात घासून बसतं. रॉडसुद्धा पुसायचा, आणि पुसल्यावर उघड्या हातानं धरायचा नाही. गाड्यांच्या ब्रेकचा क्लीनर कधीही वापरायचा नाही; त्यात क्लोरीनचं द्रावण असेल तर आर्कखाली त्याचा विषारी वायू होतो.

त्यांनी स्वतः एक शिवण घातली. १५० अँप, बॅलन्स ७०, फ्रिक्वेन्सी १००, निळ्या टोकाचं २.४ मिमी टंगस्टन, वेल्डिंगच्या टॉर्चच्या तोंडाला सात नंबरचा कप. आवाज एकसारखा, माशी गुणगुणल्यासारखा. वेल्डच्या दोन्ही कडांना दुधी पांढरी बारीक पट्टी, काळं काहीच नाही. मामांचा हात एकसष्टाव्या वर्षी इतका स्थिर आहे की बघत राहावं.

दुपारी होडीकडे गेलो. जुन्या वेल्डवर आणि शेजारच्या पत्र्यावर त्यांनी काचेच्या काडीनं कॉस्टिक सोड्याचा एकेक थेंब ठेवला. हातमोजे, चष्मा घालून. पत्र्यावरचा डाग फिका राखाडी झाला. वेल्डवरचा काळाकुट्ट. सिलिकॉन. आधीच्या माणसानं ४०४३ वापरला होता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, दुसऱ्याचं अर्धं.

९ जुलै

आजचा दिवस मला बरंच काही शिकवून गेला.

गेल्या आठवड्यातल्या माझ्या सर्वांत देखण्या पाच पट्ट्या घेतल्या. नाण्यांची चळत आडवी पाडावी तसे खवले, भावानं तर फोटो काढून ठेवला होता. मामांनी फोनवर सांगितलं तसं वेल्डला दोन्ही कडांनी करवतीनं खाच पाडली, वाइसमध्ये धरली आणि हातोड्यानं मोडली. पाचपैकी चार पट्ट्यांच्या पोटात बारीक भोकं. एकीत तर आंबोळीसारखी जाळी पडली होती. वरून यातलं काहीच दिसत नव्हतं.

ही भोकं हायड्रोजनची. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन भरपूर विरघळतो, गोठताना जवळजवळ सगळा बाहेर पडतो, आणि गोठणं इतकं झटपट असतं की बुडबुडे आतच अडकतात. तो येतो तेलातून आणि पाण्यातून. आणि आम्ही बसलोय जुलैच्या मालवणात, जिथं उशीसुद्धा दमट लागते. पत्र्यावर रात्रभर ओल धरते, ऑक्साइडची कातडी ती शोषते. रॉडचं पाकीट मी उघडंच टाकलं होतं.

उपाय असे केले. रॉड एका जुन्या लाकडी पेटीत, पेटीत साठ वॉटचा बल्ब चोवीस तास. पत्रा वेल्ड करायच्या आधी गरम हवेच्या गननं हाताला सोसेल इतका तापवायचा, ओल उडण्यापुरता. ५०८३ ला जास्त उष्णता बराच वेळ द्यायची नाही. ब्रश मारल्यावर अर्ध्या तासाच्या आत वेल्ड, नाहीतर पुन्हा ब्रश. गॅसची नळी जुनी रबरी होती, ती बदलली. टॉर्च सुरू करण्याआधी काही सेकंद नुसता गॅस सोडून नळीतली दमट हवा बाहेर.

संध्याकाळी पुन्हा तीन पट्ट्या केल्या आणि मोडल्या. एकीत दोन भोकं, एकीत एक, एक साफ. ती साफ पट्टी खिडकीत ठेवलीय.

१२ जुलै

संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं आणि मशीन थांबतं. पहाटे व्होल्टेज चांगलं, पण ओल सर्वांत जास्त. सकाळी दहा ते एक हीच वेळ उरते. गेटांची कामं दुपारी ढकलली.

२३ जुलै

शेवटाच्या चिरा. वेल्ड संपवताना पेडल झटकन सोडलं की टोकाला खळगा राहतो आणि त्यात ताऱ्यासारखी बारीक चीर पडते. मी होडीच्या दोराच्या खुंटीवर, जिथं धोका नाही अशा जागी, पहिलं खरं काम करून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी भिंग लावून बघतो तर दोन्ही टोकांना चीर. घासून काढलं. आता शेवटी पाय हळूहळू वर घेत खळग्यात आणखी दोन थेंब रॉड घालतो, आणि आर्क विझल्यावरही टॉर्च तिथंच धरून ठेवतो, टोक गॅसखाली थंड होईपर्यंत.

उभी शिवण जमतेय. डोक्यावरची अजून नाही. म्हणून होडी उलटी करायची, हे ठरलं.

६ ऑगस्ट

मामांनी परीक्षा घेतली. ४ मिमीचे तीन जोड, दोन सपाट, एक उभा. माझ्याच मशीनवर, त्यांच्यासमोर, न थांबता. मग त्यांनी स्वतः कापले, मोडले, वाकवले. दोन पूर्ण साफ. उभ्यामध्ये एका टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक. त्यांनी तो तुकडा बराच वेळ उन्हाकडे धरून बघितला आणि म्हणाले, "होडयेक हात लाव."

आजवर ६४ पट्ट्या झाल्या.

१३ ऑगस्ट

वाडीतली अकरा माणसं, टायर, माडाची झावळं. होडी उलटी केली. कुणालाही लागलं नाही, एकही पोचा नाही.

तळाचा रंग चिरेभोवती हातभर काढला. मग डाय टेस्ट: आधी क्लीनर, मग लाल रंग, पंधरा मिनिटं थांबून पुसला, वर पांढरा डेव्हलपर. पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू उमटली. डोळ्याला १४० मिमी दिसणारी चीर खरी १६५ निघाली, आणि टोकाशी तिला एक फाटा. नुसती दिसेल तेवढी घासून भरली असती तर उरलेली टोकं पहिल्याच लाटेला पुढं पळाली असती.

दुसऱ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तरही उलट्या होडीत मिळालं. आतली लांबीची पट्टी दोन आडव्या पट्ट्यांच्या अधेमधेच, मोकळ्या पत्र्यावर अचानक कापून संपवलेली आहे. नेमकं त्यावरच पुढं कधीतरी दहा टाक्यांचं लोखंडी स्टँड बोल्ट केलं गेलं. दीडशे किलो. प्रत्येक लाटेला पत्रा त्या टोकाभोवती वाकतो, सरळ होतो, वाकतो. माझे आजोबा लाकडी होड्या बांधायचे. त्यांच्या होडीत कुठलीही फळी दोन वांकांच्या (आतल्या आडव्या बरगड्यांच्या) मधे संपत नसे. लहानपणी मी ते बघितलंय, पण कारण आज कळलं. लाकूड निदान पाण्यात फुगून फट बुजवतं. हा पत्रा तसं करणार नाही.

मामांचा निर्णय: "वरसून ठिगळ नको. कापून काढ आनि तुकडो घाल."

१५ ऑगस्ट

कापलं. ३२० बाय २२० मिमीचा भाग, कोपरे वाटीएवढे गोल, कारण चौकोनी कोपऱ्यातून नवी चीर सुरू होते. जिगसॉ आणि लाकूड कापायचं कार्बाइडचं पातं, पात्याला मेण. नव्या तुकड्याच्या सरळ कडांना उतार द्यायला मामांनी इलेक्ट्रिक रंधा मागितला. ॲल्युमिनियमवर रंधा चालतो यावर माझा विश्वास बसेना, पण लाकडासारखे लांब कुरळे ढलपे निघाले. घरातले सगळे बघायला आले. आईनं एक ढलपा उचलून आजोबांच्या फोटोसमोर ठेवला.

२० ऑगस्ट

तुकडा बसला.

आधी आतली पट्टी तुकड्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्यापासून वीतभर सोडवून घेतली, म्हणजे पत्र्याला हलायला जागा मिळाली. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या दुप्पट पसरतं आणि थंड होताना तेवढंच ओढतं. जखडलेला असेल तर जोडच फाटतो. आठ टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके), समोरासमोर. मग तुकड्या-तुकड्यानं, एक इकडे, एक तिकडे, प्रत्येक वेळी उलट दिशेनं. मधे हात लावून बघायचं. गरम लागला तर थांबायचं. दहाला सुरू केलं, पावणेएकला संपलं. रॉड ५१८३.

माझ्या सात शिवणी, मामांची एक. शेवटची, कोपऱ्याची, मला धीर होईना. त्यांनी टॉर्च घेतला नाही. शेजारी बसून माझ्या कोपराला आधार दिला तेव्हा जमली. मग स्वतःची एक त्यांनी घातली ती मी सांगितलं म्हणून. त्यांचा हात या होडीत असावा असं मला वाटत होतं.

दोरी ताणून बघितलं: मध्यभागी ३ मिमी खोल. मामा म्हणाले, चालेल.

२७ ऑगस्ट

होडी सुलटी केली. आतून सांध्याच्या मुळाशी कार्बाइडच्या बरनं (फिरत्या दातेरी कानशीनं) चकचकीत धातू लागेपर्यंत खोदलं, डाय टेस्ट केली, साफ. मग आतून वेल्ड.

इथली काळजी वेगळी. आर्गॉन हवेपेक्षा जड आहे, होडीच्या तळात पाण्यासारखा साचतो, त्याला वास नाही, रंग नाही. आत डोकं घालून तासभर काम केलं तर श्वासाला प्राणवायूच उरणार नाही आणि कळणारही नाही. एक छोटा पंखा तळाशी, हवा बाहेर ओढणारा, शिवणीपासून लांब. भाऊ काठाशी उभा, दर दोन मिनिटांनी हाक मारायची, मी उत्तर द्यायचं.

३० ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. अधिक श्रावणामुळे यंदा इतकी उशिरा. नारळ अर्पण करून आलो. काम बंद.

१० सप्टेंबर

लांबीची पट्टी वाढवून पुढच्या आडव्या पट्टीपर्यंत नेली, टोक निमुळतं केलं. शिशाखालचे दोन्ही खड्डे खोदून भरले.

टाक्यांचं लोखंडी स्टँड परत लावलं नाही. ॲल्युमिनियमच्या पाइपचं नवं केलं, पाय दोन आडव्या पट्ट्यांवर टेकणारे, म्हणजे वजन पत्र्यावर नाही. बोल्ट स्टेनलेसचेच घ्यावे लागले, पण प्रत्येकाला नायलॉनची बुशिंग आणि वॉशर, पायांखाली निओप्रीन. मागच्या बाजूचा झिंकचा ॲनोड (पत्र्याऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) घासला. त्यावर भावानं रंग मारून ठेवला होता. रंगाखालचा ॲनोड काहीच काम करत नाही. तळाला मारायला लाकडी होडीच्या रंगाचा उरलेला डबा तो घेऊन आला, तोही परत पाठवला. त्यात तांबं असतं आणि तांबं हा पत्रा शिशापेक्षा लवकर खातं.

१७ सप्टेंबर

बाहेरून सांध्यावर चुन्याचं पातळ पाणी, आतून डिझेल. दोन तास. एका कोपऱ्याशी चुन्यावर टिकलीएवढा डाग उमटला. माझी सातवी शिवण, जिथं थांबून पुन्हा सुरू केलं होतं ती जागा.

फार वाईट वाटलं. डिझेल पूर्ण धुऊन, ॲसिटोननं चारदा पुसून, खोदून बघितलं तर सुरुवातीला एक बारीक बोगदा. २५ मिमी काढून पुन्हा भरलं. परत चुना, परत डिझेल, रात्रभर ठेवलं. सकाळी चुना कोरडा, पांढरा.

परवा गणपती. आता दसऱ्याच्या आसपासच बाकीचं.

८ ऑक्टोबर

कर्लीच्या खाडीत होडी सोडली. समुद्रात नेण्याआधी इथं, शांत पाण्यात, भरतीला. माणसं नाहीत, टाक्यांच्या जागी वाळूची पोती, तेवढ्याच वजनाची. भाऊ सुकाणूवर, मी चेकर प्लेट न लावता उघड्या तळाशी टॉर्च घेऊन पालथा. तासभर. देवबागच्या मुखाशी गेलो तेव्हा चार-पाच लाटा चांगल्या आपटल्या. पत्रा वाकत होता, पण आता अख्खा एकसारखा, एका रेघेत नाही.

तळ कोरडा. "दादा, पाणी येणा नाय," तो तिकडून ओरडला. त्याला तर दिसतही नव्हतं.

२९ ऑक्टोबर

होडीनं २२ तास काम केलं, पहिले दहा तास माणसांशिवाय. आज ठरल्याप्रमाणे तळ उघडला. मागच्या बाजूला पेलाभर पाणी होतं. काळजात धस्स झालं. चाखून बघितलं, खारट. पुसून कोरडं केलं, बाहेरून पाणी मारलं, शोधलं. ते बुचाच्या झिजलेल्या रबरातून येत होतं. रबर बदललं.

तुकड्याभोवती पुन्हा डाय टेस्ट, सगळीकडून, पट्टीच्या नव्या टोकालाही. पंधरा मिनिटं थांबलो, पांढरा फवारा मारला. पांढरंच राहिलं. फोटो मामांना पाठवला. त्यांचा फोन आला: सातव्या शिवणीचा जवळून वेगळा काढून पाठव.

काढून पाठवला. पुढची तपासणी शंभर तासांनी, डिसेंबरच्या गर्दीआधी. फोम अजून बसवलेला नाही. तेव्हा सगळं ठीक असेल तरच बसवणार.